कडीची पेटी

गेल्या रविवारी गच्चीवरचा कूलर खाली उतरवला, जुनं गवत उपटून नवं लावलं, टाकी भरली आणि बटण दाबलं. पहिली दोन-चार मिनिटं त्यातून जो वास येतो तो वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ओल्या गवताचा, गंजलेल्या पत्र्याचा, वर्षभर साचलेल्या धुळीचा. आमच्याकडे उन्हाळा पंचांग बघून लागत नाही, या वासानं लागतो. लोकांना तो आला की सुट्टी आठवते, आमरस आठवतो, मामाचं गाव आठवतं. मला प्रभाकर आठवतो आणि माझं डोकं फिरतं.

प्रभाकर माझा पॉलिटेक्निकमधला वर्गमित्र. सोल्डरिंग करताना माझा हात थरथरायचा, त्याचा नाही. हिशेबाचं गणित मांडताना तो घाबरायचा, मी नाही. म्हणून प्रॅक्टिकलला आमची जोडी ठरलेली. पुढे मी अमरावतीत ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले आणि तो अकोल्याला वडिलांच्या धंद्यात गेला. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका बोळात त्यांची पत्र्याची शेड. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथं कूलर बनतात आणि बाकीचं वर्ष शेतातल्या मोटारपंपाचे स्टार्टर. आपण गावात बसून फोन लावायचा आणि तिकडे विहिरीवरची मोटार सुरू व्हायची, ते खोकं. माझं लग्न झालं, त्याचं झालं, मैत्री तशीच राहिली. त्याची बायको लता दर उन्हाळ्यात माझ्यासाठी ज्वारीचे धापोडे, आमच्याकडचे वाळवणाचे पापड, करून पाठवायची. मीही हक्कानं सांगायची की मागच्या वर्षी तिखट कमी होतं.

राजापेठेतल्या माझ्या घराच्या व्हरांड्यात तेव्हा दर रविवारी सकाळी पोरं जमायची. क्लास नव्हता तो. फी नाही, हजेरी नाही, फळा नाही. घरातलं बिघडलेलं काहीही घेऊन यायचं आणि उघडायचं. मिक्सर, रेडिओ, इस्त्री, आजोबांचं कानाचं यंत्रसुद्धा एकानं आणलं होतं, त्याबद्दल त्याला घरी फटके पडले. नियम एकच होता. कुणीही विचारलं, मॅडम, याच्या आत काय असते, तर मी उत्तर द्यायचं नाही. म्हणायचं, "उघडून पाय," म्हणजे तूच उघडून पाहा. पुढे पुढे पोरंच एकमेकांना तसं सांगायला लागली. कुणी मठ्ठासारखा प्रश्न विचारला की सगळा व्हरांडा एका सुरात ओरडायचा.

या पोरांना कॉम्प्युटर पाहिजे होता. मोबाइल त्यांच्या घरी होते, पण मोबाइल उघडता येत नाही आणि त्याला दिवा, मोटार, घंटा असं काही जोडताही येत नाही. त्यासाठी तळहाताएवढे उघडे बोर्ड मिळतात. जुना टीव्ही लावायचा, कीबोर्ड लावायचा, झाला कॉम्प्युटर. आणि त्याच्या कडेला पिनांची जी रांग असते ती खरी गंमत. त्या पिनांना आपण वायर जोडू ते यंत्र बोलायला लागतं. पण त्या वर्षी बाहेरून येणारे बोर्ड बाजारातून गायबच झाले. मोठमोठे कारखानेच सगळा माल उचलत होते म्हणे, हौसेखातर मागणाऱ्याला विचारतो कोण. अकोल्याला गेले असताना मी प्रभाकरकडे हेच रडगाणं गात बसले होते. तो स्टार्टरचा बोर्ड हातात फिरवत ऐकत होता, आणि सहज म्हणाला, आपणच बनवू न.

आपणच बनवू. या दोन शब्दांनी माझी पुढची सगळी थंडी गोड केली, हे मी आजही कबूल करते. प्रभाकरवर कितीही राग असला तरी ते दिवस खोटे होते असं मला म्हणवत नाही.

मेंदूचं काम करणारी चिप तयार मागवायची आणि तिच्या भोवतीचं सगळं आपण करायचं, असं ठरलं. सुट्टी मिळाली की मी अकोल्याची गाडी पकडायची. शेडमध्ये एका बाजूला कूलरच्या पत्र्यावर हातोडे पडतायत, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं एका टेबलावर डोकी घालून बसलोय. आमच्याकडच्या विजेचा भरवसा नाही, कधी दिवे मिणमिणतात, कधी बल्ब उडतो, तेव्हा वीज सांभाळणारा भाग मी दणकट घेतला. तो तापतो, म्हणून त्याला कडेला मोकळं ठेवलं आणि त्याच्या नेमकं वर झाकणाला भोकं पाडायची ठरवली. पेटी कूलरच्याच उरलेल्या पत्र्याची. बाहेरचा प्लास्टिकचा डबा घेतला असता तर किंमत वाढली असती, आणि भाजी विकणाऱ्याच्या घरात जाईल इतकं ते स्वस्त असलं पाहिजे, हा माझा हट्ट होता.

दुसरा हट्ट झाकणाचा. मला स्क्रू नको होते. स्क्रू म्हणजे पेचकस आला, पेचकस म्हणजे मोठ्या माणसाची परवानगी आली. पत्र्याचं काम करणारे सलीमभाई चहा पीत ऐकत होते. त्यांनी एक तुकडा वाकवला आणि लग्नातल्या पेटीला असते तशी लहानशी कडी करून दिली. अंगठ्यानं उचलली की झाकण उघडतं. मी ती इतक्या वेळा उघडली-मिटली की प्रभाकर म्हणाला, बाप्पा, आता मोडशील तू ते. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरचं नावच पेटी पडलं.

शेडच्या कोपऱ्यात काळ्या राळेचे डबे उभे असायचे. स्टार्टर बनवणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. बोर्ड तयार झाला की खोक्यात ठेवून वरून ती राळ ओततात, धंद्यात तिला कंपाउंड म्हणतात. वाळली की दगड. पाणी शिरत नाही, उंदीर वायर खात नाही, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या बोळातल्याला आत काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे नक्कल होत नाही. प्रभाकरचा एक स्टार्टर पूर्वी कुणीतरी जसाच्या तसा उतरवून स्वतःच्या नावानं विकला होता. ते दुखणं त्यानं मला अनेकदा सांगितलं होतं. एकदा मला वाटलं, डबे जरा जास्तच दिसतायत. विचारलं तर म्हणाला, पंपाचा सीझन येऊन राहिला न. मी ऐकलं आणि पुन्हा कामाला लागले. त्याच्यावर संशय घ्यायचं माझ्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

मार्च लागला. अमरावतीत मार्चमध्ये एक विचित्र शांतता असते. ऊन तापलेलं, रस्ते दुपारी ओस, आणि घराघरांतून पाठांतराचा गुणगुणाट. माझी पोरं दहावीला होती. रविवार बंद झाले होते, कारण मीच तसं सांगितलं होतं. पेपर होऊ द्या, शेवटचा पेपर झाला की पुढच्या रविवारी प्रत्येकाच्या हातात पेटी. पेटीसाठी घराघरांतून लोकांनी आधीच पैसे दिले होते ते प्रभाकरला बघून नाही, त्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. मॅडम म्हणतात म्हणून दिले होते.

त्यांत एक कोमल होती. भातकुलीची. तिकडचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीला पाणी लागतं पण खारं. कोमलच्या वडिलांच्या नशिबानं त्यांची विहीर गोडी, तिच्यावरच त्यांची मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पण दोन उन्हाळे झाले, पाणी खाली गेलं की चव बदलत होती. वडील चाखून बघायचे आणि गप्प बसायचे. कोमलनं माझ्याकडून ऐकलं होतं की खाऱ्या पाण्यातून वीज जास्त जाते. झालं, पोरीनं मनावरच घेतलं. तांब्याच्या दोन तारा काचेच्या नळीत बसवून तिनं एक दांडी केली. ती विहिरीत सोडायची, वायर वर आणून पेटीच्या पिनांना जोडायची, आणि रोजचं पाणी किती खारावलं ते पेटीनं लिहून ठेवायचं. म्हणजे कोणत्या दिवशी उपसा थांबवायचा ते कळेल. पेपरच्या दिवसांतही ती मला फोन करून विचारायची, मॅडम, पिना किती असतीन? मी रागवायची. मराठीचा अभ्यास झाला का ते सांग आधी, म्हणायची. आणि फोन ठेवून एकटीच हसायची.

पेपर संपले. माल आला. त्या आठवड्यात प्रभाकर फोनवर जरा तुटक बोलत होता, पण कूलरचा सीझन म्हणजे त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे मला माहीत होतं. रविवारी सकाळी व्हरांड्यात मी कूलर लावला, वर्षातला पहिला. तोच वास. पोरं ओळीनं बसली. काहींचे आईबापही आले होते, कोमलचे वडील डोक्याचा रुमाल मांडीवर ठेवून उंबऱ्याशी टेकले होते. कोमलच्या हातात तिची काचेची दांडी. मी एकेकाच्या पुढ्यात पेटी ठेवली. हिरव्या रंगाचा पत्रा, झाकणाला भोकं, आणि ती कडी. काय सुंदर दिसत होत्या त्या! मी ठरवून ठेवलं होतं की टीव्ही आधी लावायचाच नाही. आधी उघडायची. मी म्हटलं, हं, उघडून पाय. पोरं ओरडली आणि सगळ्यांनी एकदम अंगठ्यानं कडी उचलली.

आत काळं होतं.

काठोकाठ. गुळगुळीत, चकचकीत काळं. पिना नाहीत, चिप नाही, मी जीव लावून आखलेल्या रेषा नाहीत, काही म्हणता काही नाही. मागच्या बाजूनं टीव्हीची, कीबोर्डची आणि विजेची तोंडं तेवढी बाहेर ठेवली होती. पोरं माझ्याकडे बघायला लागली. त्यांना वाटलं यातही काही युक्ती असेल, मॅडम आता काहीतरी सांगतील. कोमलनं त्या काळ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, हे उघडलं न मी. आता काय उघडू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. इतकी वर्षं शिकवलेली मी, काहीतरी चूक झाली आहे, मी बघते, असं काहीसं पुटपुटले. कोमलच्या वडिलांनी रुमाल डोक्याला बांधला. ते पाण्याची चव घेऊन जसे गप्प बसत असतील तसेच गप्प होते.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. भर दुपारी मोर्णेचा पूल ओलांडताना पदराआडून डोळ्यांना झळा लागत होत्या, नदीत पाण्यापेक्षा जलकुंभीच जास्त. मी सगळा रस्ता त्याच्यासाठी सबबी शोधत होते. कामगाराची चूक असेल. स्टार्टरच्या खोक्यांत आपल्या पेट्या मिसळल्या असतील. मी त्याच्या बाजूनं भांडत होते, मनातल्या मनात, आणि तेच मला आता सगळ्यात जास्त झोंबतं.

शेडमध्ये पेट्यांची थप्पी लागली होती, आमच्या व्हरांड्यात आल्या त्याच्या कितीतरी पट. सगळ्या हिरव्या, सगळ्यांना कडी. प्रभाकरनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी शांतपणे सांगितलं. कोचिंग क्लासवाल्यांची मोठी ऑर्डर मिळाली होती. त्यांना सराव परीक्षेसाठी स्वस्त कॉम्प्युटर पाहिजे होते, आणि पोरांनी आत हात घालायला नको म्हणून बंद पाहिजे होते. शिवाय उघडा ठेवला असता तर महिनाभरात बाजारात दहा नकला आल्या असत्या. मग सगळ्याच मालात एका हातानं राळ ओतली. हे कधी ठरलं, मी विचारलं. तो कूलरच्या पंख्याकडे बघत म्हणाला, संक्रांतीच्या आसपास. म्हणजे मी त्याच्या शेजारी बसून पिना कुठे ठेवायच्या यावर वाद घालत होते, सलीमभाई कडी वाकवत होते, तेव्हा त्याला माहीत होतं की हे सगळं बुजवायचं आहे. आणि तो माझ्याशी वाद घालत होता! पिना डावीकडे बऱ्या की उजवीकडे, यावर आम्ही एक अख्खी दुपार भांडलो होतो.

"मंग कडी काहून ठेवली?" मी विचारलं.

"दिसाले चांगली दिसते," तो म्हणाला. "क्लासवाल्यांले आवडली."

मी खूप बोलले. त्याच्या कामगारांसमोर बोलले, आवाज चढवून बोलले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पोरांची नावं घेऊन सांगितलं. कोमलची विहीर सांगितली. तो ऐकत राहिला आणि म्हणाला की लेकरं आत खुडबूड करतात, बिघडवतात, मग निस्तरायचं कुणी? मी त्याला विचारलं, तू पॉलिटेक्निकमध्ये काय करत होतास मग? खुडबूडच ना? त्यावर तो पहिल्यांदा चिडला.

"सुनंदा, तुले पगार हाये. मले चोरायच्या मधात धंदा करा लागते."

"माहे पोट्टे चोर हायेत काय?"

तो आत गेला आणि एक पेटी घेऊन आला. कडी उघडून माझ्यासमोर धरली. आत हिरवा बोर्ड होता, स्वच्छ, पिनांसकट, जसा आम्ही आखला तसा. म्हणाला, "तुह्यासाठी एक उघडी ठेवली होती." अगदी प्रेमानं म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की यानं माझं समाधान होईल. इतकी वर्षं जोडीनं काम करून या माणसाला मी इतकीच कळले होते! मी ती पेटी तिथंच टेबलावर ठेवली आणि निघाले. लता घरातून हाका मारत आली, धापोड्यांची पिशवी हातात घेऊन. तिचा काय दोष, पण मी पिशवीही घेतली नाही.

ज्यांना पैसे परत पाहिजे होते त्यांना ते मिळाले, तो प्रश्न नव्हता. काही पोरांनी पेट्या ठेवल्या, टीव्हीला लावून गेम खेळले. पण रविवार मोडला. मॅडमनी क्लासवाल्यांशी संधान बांधलं असं कुणीतरी म्हणालं, ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. कुणाकुणाला सांगत फिरणार की मलाही कडी उघडल्यावरच कळलं? कोमल पुन्हा आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात भाजीबाजारात तिचे वडील भेटले. विहिरीचं विचारलं तर म्हणाले, खारी झाली. त्या सालच्या मे महिन्यात उपसा जरा जास्तच झाला होता, समजलं नाही. मग माझ्या पिशवीत सांभाराची एक जुडी जास्तीची टाकून म्हणाले, हे पाणी विकत आणून लावलेलं हाये मॅडम. मी घरी येऊन खूप रडले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लोक म्हणतात, सोडून दे, धंद्यात असं चालतंच. चालत असेल. वस्तू बनवणाऱ्याला तिची नक्कल होण्याची भीती वाटते हे मला कळतं. पण उघडता येणार नाही अशी वस्तू विकायची तर तिला कडी लावू नये. सरळ रिबीट मारावी, लिहावं की आत बघायला मनाई आहे. राग बुजवल्याचा आहेच. त्याहून जास्त राग त्या कडीचा आहे. ती माझी होती.

तर गेल्या रविवारी कूलर लावला, वास आला, आणि मी हे सगळं पुन्हा एकदा उगाळत बसले होते तेव्हा फाटक वाजलं. प्रभाकर. केस पांढरे झालेले, डोक्याला रुमाल, एका हातात धापोड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पेटी. मी आत ये म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. तो आपला व्हरांड्यात येऊन बसला, जिथं कोमलचे वडील बसले होते तिथंच. मी पाणी आणून दिलं. दारी आलेल्याला या उन्हात पाणी नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं पेटी पुढे सरकवली. दोन उन्हाळे झाले, क्लासवाल्यांकडच्या पेट्या एकामागून एक बंद पडतायत. ऊन वाढलं की हमखास. नवा माल कुणी घेत नाही, जुना परत येतोय. शेडमध्ये थप्प्या लागल्या आहेत. नेमकं काय जातंय तेच कळत नाही, मीटर लावायला जागाच नाही. फोडायला गेलं तर बोर्डाचाच चुरा होतो. त्यानं इकडे-तिकडे दाखवून पाहिलं, पुण्याच्या एकाला पाठवून पाहिलं. "विजेचा भाग तू आखला होता," तो म्हणाला. "तूच सांगू शकतं. काय झालं असन आत?"

मी पेटी मांडीवर घेतली. हिरवा रंग ठिकठिकाणी उडाला होता. झाकणाची भोकं जिथं मी सांगितली होती तिथंच होती, नेमकी, वारा यायला. अंगठा लावला तर कडी अजून तशीच हलकी उचलली गेली, सलीमभाईंचं काम. आत ते काळं. कोणता भाग त्या दगडाखाली गुदमरून मेला असेल ते मला ठाऊक होतं, मी बोट ठेवून दाखवू शकले असते. प्रभाकर माझ्या बोटांकडे बघत होता, पॉलिटेक्निकमध्ये गणित अडलं की बघायचा तसाच. क्षणभर मला त्याची दया आली, हे खोटं कशाला बोलू.

मग मी व्हरांड्याकडे पाहिलं. रविवारची सकाळ होती आणि तिथं एकही पोरगं नव्हतं. कूलर रिकाम्या फरशीवर वारा घालत होता.

पेटी मी त्याच्या पुढ्यात ठेवली, कडी त्याच्याकडे करून.

"उघडून पाय," मी म्हटलं.